तीन अंशांचा हिशेब : गुडघेरोपणातील नेव्हिगेशनविषयी वाचकांचे प्रश्न

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत संगणकीय नेव्हिगेशन वापरावे की नाही, याबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना आमच्या अस्थिरोग शल्यचिकित्सकांच्या मंडळाने दिलेली उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले आहेत. डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्युटर नेव्हिगेशनने करू." म्हणजे ऑपरेशन कॉम्प्युटर करतो का? थिएटरमध्ये नेमके काय होते? (सातारा)

नाही. करवत सर्जनच्याच हातात असते. संगणक फक्त मोजतो. पण काय मोजतो ते समजून घ्यायला हवे, कारण या तंत्राची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा त्या मोजण्यातच आहे.

खुब्याच्या सांध्यातील गोळ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य जोडणारी सरळ रेषा म्हणजे पायाचा भारवाहक अक्ष. सरळ पायात ती गुडघ्याच्या मधोमध जाते. आईंच्या पायात ती गुडघ्याच्या आतल्या बाजूने जात असणार, म्हणून आतली कूर्चा झिजली. कृत्रिम सांधा बसवताना मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक या अक्षाशी ठरलेल्या कोनात कापायचे असते. अडचण अशी, की शस्त्रक्रियेच्या वेळी खुबा दिसत नाही आणि घोटाही निर्जंतुक कापडाखाली झाकलेला असतो. पारंपरिक पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सुमारे ८ मिलिमीटर जाडीची सळई घालतात, तिच्यापासून ५ ते ७ अंशांचा कोन धरतात आणि खुब्याचा मध्य तिथे असेल असे गृहीत धरून कापतात. ज्याचे मांडीचे हाड सरळ आहे त्याला हे लागू पडते. आपल्याकडे वाकलेल्या पायांच्या पुष्कळ रुग्णांत मांडीचे हाडही बाहेरच्या बाजूला कमानदार असते आणि तिथे हा कोन ८-१० अंशांपर्यंत जाऊ शकतो. सळई पोकळीत सैल असेल किंवा तिचे छिद्र थोडे बाजूला पडले, तर आणखी एक-दोन अंश चुकतात.

नेव्हिगेशनमध्ये सळईची गरज पडत नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात प्रत्येकी दोन पिना बसवून त्यांवर ट्रॅकर लावतात. ट्रॅकरवर इन्फ्रारेड प्रकाश परावर्तित करणारे गोळे असतात आणि खाटेपासून दीड-दोन मीटरवर ठेवलेला दोन भिंगांचा कॅमेरा ते पाहत राहतो. मग 'नोंदणी' होते. सर्जन मांडी गोल फिरवतात. ट्रॅकर गोलाच्या पृष्ठभागावर फिरतो, त्या गोलाचे केंद्र संगणक गणिताने काढतो आणि तोच खुब्याचा मध्य. त्यानंतर टोकदार प्रोबने एकेक खूण दाखवली जाते : घोट्याची आतली व बाहेरची हाडे, नडगीच्या माथ्याचा मध्य, मांडीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे, वाटी ज्या खाचेतून सरकते त्या खाचेची दिशा आणि सांध्याचे पृष्ठभाग. आता पायाचा वाक किती अंश आहे, गुडघा किती सरळ होतो, ताण दिल्यावर आत-बाहेर किती उघडतो, हे आकडे पडद्यावर येतात.

यानंतर जिग, म्हणजे करवतीला दिशा देणारा साचा, हाडावर ठेवतात. जिगलाही ट्रॅकर असतो. कोन आणि जाडी हवी तशी आली की जिग पिनांनी पक्के करून कापतात. मांडीच्या हाडाचा खालचा काप साधारण ९-१० मिलिमीटर, नडगीचा कमी झिजलेल्या बाजूकडून मोजून ८-१० मिलिमीटर, मागे ३ ते ७ अंश उतार ठेवून (हा उतार सांध्याच्या बनावटीवर ठरतो). कापल्यावर सपाट पट्टी त्या पृष्ठभागावर ठेवून पुन्हा मोजतात. ही फेरतपासणी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पारंपरिक पद्धतीत काप चुकला हे कळायला नंतरच्या एक्स-रेची वाट पाहावी लागते. इथे तो लगेच कळतो आणि सुधारता येतो.

सिटी स्कॅनशिवाय केवळ अशा नोंदणीवर चालणाऱ्या नेव्हिगेशनने पहिले गुडघेरोपण जानेवारी १९९७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे झाले. म्हणजे हे तंत्र काही प्रयोगावस्थेत नाही.

प्रश्न : अक्ष तीन अंशांच्या आत असला पाहिजे असे सगळीकडे वाचतो. तीन अंश म्हणजे प्रत्यक्षात किती? आणि नेव्हिगेशनने सांधा जास्त वर्षे टिकतो याला पुरावा आहे का? (नाशिक)

मांडीचे हाड सुमारे ४० आणि नडगीचे ३६ सेंटिमीटर धरले, तर पायाचा कोन सरळ रेषेपासून ३ अंशांनी बदलल्यावर भाराची रेषा गुडघ्यापाशी जवळपास १ सेंटिमीटर सरकते. नडगीवर बसणारी धातूची पट्टी साधारण ७ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर १ सेंटिमीटर म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे अंतर नव्हे. भार एका बाजूला पडत राहिला, की त्या बाजूचे पॉलिथिलीन (सांध्यातील प्लास्टिकचा थर) जास्त झिजते आणि पट्टीखालचे हाड दबू लागते.

पुराव्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, कारण लोक हे दोन भाग नेहमी एकत्र करतात.

पहिला भाग, अक्ष अचूक येतो का? येतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ३ अंशांपेक्षा जास्त चुकलेल्या गुडघ्यांचे प्रमाण पारंपरिक पद्धतीत ३१.८ टक्के, तर नेव्हिगेशनमध्ये ९ टक्के होते. सरासरी कोन दोन्हींत फारसा वेगळा नसतो. खूप चुकलेले गुडघे कमी होतात, हा खरा फायदा.

दुसरा भाग, त्याने सांधा जास्त टिकतो का? इथे चित्र तितके स्वच्छ नाही. कोरियात ५२० रुग्णांच्या एका गुडघ्यात नेव्हिगेशन आणि दुसऱ्यात पारंपरिक पद्धत वापरली. सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ पाहूनही कार्यात किंवा टिकण्यात फरक दिसला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशेब २०१० मध्ये मांडला. त्यातही अक्ष ३ अंशांच्या आत असलेले गुडघे बाहेर असलेल्यांपेक्षा जास्त टिकले नाहीत. याउलट ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत ६५ वर्षांखालच्या रुग्णांत नऊ वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण नेव्हिगेशनशिवाय ७.८ आणि नेव्हिगेशनने ६.३ टक्के आढळले. तरुण, जड शरीराच्या, जास्त चालणाऱ्या रुग्णाला सांध्यावर जास्त वर्षे भार द्यायचा असतो. त्याला फायदा दिसावा हे आम्हाला पटण्यासारखे वाटते. ७५ वर्षांच्या, बेताचा वाक असलेल्या रुग्णाने नेव्हिगेशन नाही म्हणून अनुभवी सर्जन सोडून दुसरीकडे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकाचा पाय मुळात शून्य अंशांचा नसतो. बेल्जियममध्ये निरोगी तरुणांची मापे घेतली तेव्हा ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत ३ अंश किंवा त्याहून जास्त धनुष्यासारखा नैसर्गिक वाक आढळला. म्हणून काही सर्जन आता थोडा वाक मुद्दाम ठेवतात. लक्ष्य शून्य ठेवायचे की दोन-तीन अंश, हे सर्जन ठरवतात. ठरवलेले गाठले की नाही, एवढेच नेव्हिगेशन सांगते.

प्रश्न : वडिलांच्या मांडीचे हाड वीस वर्षांपूर्वी मोडले होते. प्लेट अजून आत आहे आणि हाड थोडे वाकडे जुळले आहे. एका डॉक्टरांनी प्लेट काढून मग गुडघा बदलू असे सांगितले, दुसऱ्यांनी नेव्हिगेशनने थेट करू असे. कोणाचे ऐकावे? (कोल्हापूर)

नेव्हिगेशनची गरज सर्वांत ठामपणे सांगता येते ती अशाच रुग्णात. आत सळई किंवा स्क्रू असतील, पोकळी बुजली असेल किंवा हाड वाकडे जुळले असेल, तर जिगची सळई जातच नाही, गेली तरी भलती दिशा दाखवते. नेव्हिगेशनला पोकळीशी देणेघेणे नाही. प्लेट गुडघ्यापासून पुरेशी वर असेल आणि कापाच्या किंवा ट्रॅकरच्या पिनांच्या वाटेत येत नसेल, तर ती तशीच ठेवून शस्त्रक्रिया होऊ शकते. एक मोठी शस्त्रक्रिया वाचते.

मात्र दोन गोष्टी आधी तपासून घ्या. एक, जुना जंतुसंसर्ग नाही ना. त्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या, शंका आल्यास सांध्यातील द्रवाची तपासणी. दोन, हाड किती अंश वाकडे आहे. वाक फार असेल आणि गुडघ्याच्या जवळ असेल, तर सांध्यातल्या कापाने तो भरून काढताना अस्थिबंध जिथे चिकटतात ते हाडच कापले जाण्याची भीती असते. तेव्हा आधी किंवा त्याच वेळी हाड सरळ करावे लागते, आणि मग पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर ठरते. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे पाहिल्याशिवाय याचा निकाल लागणार नाही.

प्रश्न : मी अस्थिरोग विभागात पदव्युत्तर विद्यार्थी आहे. नेव्हिगेशन वापरूनही अक्ष चुकलेले एक्स-रे पाहिले. चूक नेमकी कुठे होते? (नागपूर)

बहुतेक वेळा नोंदणीत, आणि ते भूमितीने समजते. खुब्याचे केंद्र ७ मिलिमीटर चुकले, तर ४० सेंटिमीटर लांबीच्या मांडीच्या अक्षात १ अंशाची चूक येते. घोट्याचा मध्य ६ मिलिमीटर चुकला, तर नडगीच्या अक्षातही साधारण तेवढीच. लांब अंतर चूक पोटात घेते. पण मांडीच्या हाडाचे दोन उंचवटे एकमेकांपासून जेमतेम ७५ मिलिमीटरवर आहेत. दोन्हीकडे विरुद्ध दिशांना २-२ मिलिमीटर हुकले, की फिरकीचा कोन, म्हणजे कृत्रिम भाग हाडावर आत किंवा बाहेर किती वळून बसतो तो कोन, ३ अंशांनी चुकला. आतला उंचवटा म्हणजे एक टोक नसते, मध्ये खळगा असलेला घोड्याच्या नालेसारखा भाग असतो. तिथे दोन सर्जन एकाच ठिकाणी प्रोब टेकवतील याची खात्री नाही. म्हणून पुढून दिसणाऱ्या अक्षाच्या आकड्यावर जितका विश्वास ठेवता, तितका फिरकीच्या आकड्यावर ठेवू नका. उंचवट्यांची रेषा, वाटीच्या खाचेची रेषा आणि मांडीच्या हाडाच्या मागच्या कंगोऱ्यांपासून ३ अंश बाहेर ही तिन्ही मापे ताडून पाहा, आणि गुडघा ९० अंशांत वाकवून दोन हाडांमधले अंतर चौकोनी येते का ते बघा. नडगीच्या भागाची फिरकी तर बहुतेक ठिकाणी अजूनही डोळ्यांनी, नडगीच्या पुढच्या उंचवट्याच्या आतल्या एक-तृतीयांशाकडे रोखून ठरवतात. तिथे पडदा मदत करत नाही.

खुबा फिरवताना कमरेचे हाड हलू देऊ नका. हालचाल सावकाश आणि मोठ्या वर्तुळात करा. खुबाच आखडलेला असेल, तर केंद्र नीट मिळत नाही. चूक मर्यादेबाहेर गेल्याचे यंत्राने दाखवले की पुढे रेटू नका, पुन्हा करा.

नोंदणीनंतरचा शत्रू म्हणजे हललेला ट्रॅकर. ठिसूळ हाडात पिना सैल होतात, सहायकाचा हात लागतो, स्क्रू नीट आवळलेला नसतो. संगणकाला यातले काही कळत नाही. तो तितक्याच आत्मविश्वासाने खोटा आकडा दाखवत राहतो. त्यासाठी सुरुवातीलाच हाडावर एक पक्की खूण करून तिचे स्थान नोंदवा आणि प्रत्येक कापापूर्वी प्रोब त्या खुणेवर टेकवा. फरक १ मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर नोंदणी पुन्हा. काप झाल्यावर जुन्या खुणा निघून गेलेल्या असतात, तेव्हा ही तपासणी आधी करण्याला महत्त्व आहे. परावर्तक गोळ्यांवर रक्ताचा थेंब पडला तरी माप सरकते. पुसून भागत नसेल तर गोळा बदला.

पुढची चूक करवतीची. झिजलेल्या आतल्या बाजूचे हाड हस्तिदंतासारखे टणक झालेले असते. पाते तिथे वाकून वर उचलले जाते आणि जिग शून्यावर असूनही काप १-२ अंश तिरका येतो. पाते नवे घ्या, त्या भागात आधी बारीक छिद्रे पाडा आणि काप पट्टीने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी सांधा हाडाला पक्का करणारे सिमेंट. एका बाजूला सिमेंटचा थर जाड राहिला, तर सगळी मेहनत तिथे वाया जाते. सिमेंट घट्ट होत असताना पाय सरळ धरून आकडा पाहा. ट्रॅकर त्यानंतर काढा.

बाजूने दिसणारा कोनही विसरू नका. मांडीचे हाड पुढे कमानदार असते. संगणकाच्या अक्षाशी ० अंश ठेवून कापले, तर कमान जास्त असलेल्या हाडात पुढच्या कवचाला खाच पडू शकते आणि तिथून पुढे हाड मोडण्याचा धोका राहतो. २-३ अंश वाकलेल्या स्थितीत भाग बसवल्यास खाच टळते.

अस्थिबंध सैल करण्याच्या बाबतीतही पडद्याचा उपयोग मोठा आहे. आतल्या कडेचे वाढलेले हाड काढल्यावरच पुष्कळदा ४-५ अंश वाक जातो. ते आकड्यात पाहिल्यावर पुढची कात्री थांबते. अंदाजाने सैल करत गेलेला आतला अस्थिबंध परत घट्ट करता येत नाही.

प्रश्न : नेव्हिगेशनच्या कागदावर शेवटचा कोन शून्य अंश लिहिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून चार अंश वाक आहे म्हटले. खरे कोणाचे? (पुणे)

दोन्ही मापे खरी असू शकतात. संगणकाने मोजले तेव्हा तुम्ही भूल दिलेल्या अवस्थेत आडवे होता, पायावर वजन नव्हते. एक्स-रे उभे राहून काढला. अस्थिबंध थोडे सैल असतील, तर वजनाखाली एक-दोन अंश फरक पडतोच.

त्याहून मोठे कारण एक्स-रे काढण्याची पद्धत. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल आणि पाऊल बाहेर वळलेले असेल, तर सरळ पायही फोटोत वाकलेला दिसतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांचे असेच असते. तुमचा एक्स-रे फक्त गुडघ्याचा आहे की खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, हेही पाहा. छोट्या फिल्मवर अक्ष मोजता येत नाही. गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनी, वाटी पुढे ठेवून आणि दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन पूर्ण पायाचा एक्स-रे काढा. तरीही चार अंश आले, तर वर सांगितल्यापैकी एखादी चूक झाली असण्याची शक्यता आहे. सर्जनला तो कागद आणि फिल्म शेजारी ठेवून विचारा. दुखत नसेल आणि गुडघा स्थिर असेल, तर चार अंशांसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करत नाहीत. दरवर्षी एक्स-रे काढून सिमेंटभोवती काळी रेघ (सांधा सैल होत असल्याची खूण) वाढते का ते पाहतात.

गुडघा दुखतो आहे, वाटी सरकल्यासारखी वाटते, पण एक्स-रेत अक्ष उत्तम आहे, अशी तक्रार असेल तर फिरकी तपासावी. ती साध्या एक्स-रेत दिसत नाही, सिटी स्कॅन लागतो.

प्रश्न : एका रुग्णालयात रोबोट आहे, दुसऱ्यात नेव्हिगेशन. खर्चात बराच फरक आहे. रोबोट जास्त अचूक का? (ठाणे)

रोबोटच्या पोटात नेव्हिगेशनच असते. तेच कॅमेरे, तेच ट्रॅकर, त्याच पिना आणि बहुतांशी तीच नोंदणी. फरक पुढे आहे. नेव्हिगेशन सांगते, रोबोट करवत किंवा जिग ठरलेल्या प्रतलात धरून ठेवतो. काही यंत्रे आधी सिटी स्कॅन मागतात, काहींना लागत नाही. काप जास्त नेमका येतो, पण नोंदणी चुकली तर रोबोट चुकीचा काप तितक्याच नेमकेपणाने करतो. म्हणून आम्ही यंत्राच्या नावापेक्षा एक प्रश्न विचारायला सांगू : याच सर्जनने याच यंत्रावर नियमित काम केले आहे का? सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत वेळ जास्त लागतो; सरावानंतरही नेव्हिगेशनला १०-२० मिनिटे जादा धरा.

खर्चाबद्दल. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला. पुढे तो बदलत गेला आहे. ही मर्यादा सांध्यापुरती आहे. यंत्राचा वापर, एकदाच वापरायचे गोळे आणि पिना, सिटी स्कॅन हे वेगळे लावले जाते. अंदाजपत्रक घेताना या ओळी स्वतंत्र लिहून मागा. आरोग्य विमा असेल तर रोबोटिक शस्त्रक्रियेला पॉलिसीत वेगळी कमाल रक्कम आहे का, ते दाखल होण्यापूर्वी पाहा. पुष्कळ पॉलिसींत ती असते.

प्रश्न : नेव्हिगेशनने केल्यावर मांडी घालून बसता येईल का? (रत्नागिरी)

त्याचा नेव्हिगेशनशी थेट संबंध नाही. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता, यावर पुढचे वाकणे सर्वांत जास्त अवलंबून असते. ज्यांचा आधीच ९० अंशांवर अडकतो, त्यांनी मांडी घालण्याची अपेक्षा ठेवू नये. जेवणासाठी टेबल आणि कमोड यांची सोय आधीच करून ठेवावी.

प्रश्न : आईच्या गुडघ्याच्या टाक्यांशिवाय नडगीवर दोन छोट्या जखमा आहेत. त्या कसल्या? काही काळजी घ्यावी का? तिला हाडांचा ठिसूळपणा आहे. (लातूर)

त्या ट्रॅकरच्या पिनांच्या जागा आहेत. पिना ३-४ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि शस्त्रक्रिया संपताच काढतात. जखमा मुख्य जखमेसारख्याच कोरड्या ठेवा. लाली, पू किंवा गळती दिसली तर दाखवा.

हाडातले छिद्र मात्र भरायला काही आठवडे लागतात, आणि तोवर हाड त्या जागी कमजोर असते. तिथून हाड मोडणे फार विरळ आहे, पण घडते, आणि ते ठिसूळ हाडाच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांत जास्त. पिन हाडाच्या मधोमध न जाता कडेच्या कवचातून गेली असेल किंवा एकाच जागी दोनदा छिद्र पडले असेल, तर धोका वाढतो. पहिले तीन महिने वॉकर किंवा काठी सोडण्याची घाई करू नका, ओल्या फरशीवर एकटे जाऊ देऊ नका, ठिसूळपणाचे औषध आणि ड जीवनसत्त्व चालू आहे ना ते डॉक्टरांना विचारा. गुडघ्याचे दुखणे कमी होत असताना नडगीत किंवा मांडीत, पिनेच्या जागी, नव्याने दुखू लागले आणि वजन देताना वाढले, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढा. एक्स-रे फक्त गुडघ्याचा नको, पिनेची जागा त्यात आली पाहिजे. काढणाऱ्याला ती जागा बोटाने दाखवा.